लाल रेघेच्या प्लेटा

प्रयोगशाळेत सगळ्यांत आधी येणाऱ्या माणसाला तिथे खळकाका म्हणत. कपड्यांना द्यायची खळ जशी शिजवतात, तसा हा माणूस रोज सकाळी मोठाल्या चंबूंत अगार शिजवायचा. अगार म्हणजे समुद्रातल्या शेवाळाची पूड. ती साखरपाण्यात विरघळवायची, दाबाच्या भांड्यात उकळून निर्जंतुक करायची आणि निवता निवता बशीएवढ्या पारदर्शक प्लेटांमध्ये ओतायची, की ती जेलीसारखी थिजते. तीस वर्षं हेच. चंबू पुरेसा निवला की नाही हे बघायला खळकाकांना थर्मामीटर लागत नसे. बाळाची दुधाची बाटली बघावी तसा ते चंबू मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवत, क्षणभर डोळे मिटत आणि म्हणत, "हं. आता."

त्या 'आता'ला फार महत्त्व होतं. नेमक्या त्याच क्षणी त्यांना चंबूत जिवाणू मारणारं औषध घालायचं असे. चंबू गरम असताना घातलं तर औषधच निकामी होतं, आणि गार होईपर्यंत थांबावं तर जेली थिजून बसते. औषध कशाला, तर या प्लेटांवर वाढवायची असे बुरशी, आणि बुरशी पडली संथ. जिवाणूंना मोकळं सोडलं तर ते एका दिवसात सगळी प्लेट व्यापून टाकतात, बुरशी बिचारी त्या गर्दीत शोधून सापडत नाही. म्हणून आधी त्यांचा काटा काढायचा. औषध घातलेल्या प्लेटांच्या कडेला लाल रेघ. हा रिवाज इतका जुना होता की तो कुणी पाडला हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

या लाल रेघेच्या प्लेटांवर जिचं आयुष्य चाललं होतं ती म्हणजे धाकटी. पन्नाशीला टेकलेली, केस कानामागे खोचलेली, चष्मा कपाळावर चढवून तोच दिवसभर शोधणारी. घरात भावंडं दोनच, दादा आणि ती. दादा घरं रंगवायचा. एकदा प्रयोगशाळेच्या भिंती रंगवायचं काम त्याला मिळालं, तेव्हा त्याने शिडीवरून चारचौघांत तिला "धाकटे" अशी हाक मारली, आणि त्या दिवसापासून तिच्या पदव्या दाराबाहेरच्या पाटीवर राहिल्या आणि ती सगळ्यांची धाकटी झाली. जेवणाच्या सुट्टीत दादा तिथल्या लोकांना सांगत होता, "मी भिंतीवरची बुरशी घालवतो, ही बशीत वाढवते. एकाच आईच्या पोटची आम्ही."

धाकटी अकरा वर्षं एकाच बुरशीच्या मागे होती. ही बुरशी तुमच्याआमच्या आतड्यात असते. गोल, गोजिरवाणी, पिठाच्या कणासारखी; अंगाला छोटा फुगवटा येतो, तो सुटतो, की झाली दुसरी. वर्षानुवर्षं ती कुणाला त्रास देत नाही. मग एखाद्या आजारपणात काय होतं कोण जाणे, तीच गोल बुरशी लांबते, तिला धागा फुटतो, धाग्याला धागे फुटतात, आणि ते धागे आतड्याच्या भिंतीत शिरून रक्तापर्यंत पोचतात. रक्तात पोचली की माणूस वाचेल असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही. इतकी वर्षं शहाण्यासारखी नांदणारी ही बया एकाएकी अशी का वागते, एवढाच धाकटीचा प्रश्न होता. त्यासाठी तिने हजारो प्लेटा पाहिल्या, बुरशीला उपाशी ठेवलं, खाऊ घातलं, तापवलं, गारठवलं. उत्तर काही मिळालं नव्हतं.

आणि आता तीच बुरशी दादाच्या रक्तात होती.

झालं होतं असं. दादाचं अपेंडिक्स फुटलं. तीन दिवस तो पोट धरून शिडीवर चढत राहिला, रंगाचा वास बाधला असेल म्हणत राहिला, आणि चौथ्या दिवशी शिडीखालीच बसला. पोटात पू झालेला. ऑपरेशन झालं, पू काढला, जिवाणूंवरची जबर औषधं सुरू झाली. एक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. ताप उतरला, सगळ्यांनी सुस्कारा सोडला, आणि विसाव्या दिवशी ताप पुन्हा चढला. रक्त तपासायला गेलं. त्यात जिवाणू एकही नव्हता. होती ती धाकटीची बुरशी.

बुरशीवरचं औषध लगेच चालू झालं. पण सहा दिवस झाले तरी रक्तात बुरशी येतच होती, जणू कुठून तरी कुणीतरी ती मागून पुरवत होतं. वॉर्डाच्या डॉक्टरांना संशय आला आतड्याचा. ते वयाने धाकटीपेक्षा लहान, तिला मॅडम म्हणत. त्यांनी विचारलं की आतड्यात बुरशी किती माजली आहे हे प्लेटांवर बघून सांगाल का. आतड्यातली बुरशी अशी मोजणारी दुसरी जागा जवळपास नव्हती. तेव्हा शौचाचा नमुना घ्यायला ती स्वतःच वॉर्डात गेली.

दादाचा चेहरा ओल्या चुन्यासारखा झाला होता. तरी बहीण झाकणबंद डबी दोन्ही हातांत धरून निघालेली पाहिल्यावर त्याच्याने राहवलं नाही. म्हणाला, माझं कुठलंच काम आजवर इतकं जपून कुणी नेलं नव्हतं. वहिनी हसली नाही. वहिनी शाळेत गणित शिकवायची. चौकटीच्या कागदावर ती नवऱ्याच्या तापाचा आलेख काढत होती, दर चार तासांनी एक ठिपका, आणि तो कागद आता उशाशी चार घड्या पडून जाड झाला होता. धाकटी दारापर्यंत गेली तशी ती मागून आली आणि म्हणाली, "वन्सं, मला उगाच धीर देऊ नका. जे दिसेल ते सांगा."

त्या सकाळी खळकाकांनी नेहमीप्रमाणे रिकाम्या प्लेटांवर लाल रेघा आधीच मारून ठेवल्या होत्या. नंतर हात चिकट होतात, म्हणून ही त्यांची पद्धत. चंबू मनगटाला टेकवला, अजून दोन मिनिटं होती. तेवढ्यात दाबाच्या भांड्याची रबरी कडी सुटून वाफ फुसफुसायला लागली. ते धावले, कडी बसवली, परत आले, चंबू मनगटाला टेकवला. हं, आता. आणि भराभर ओतायला लागले. औषधाची कुपी फ्रिजमध्ये होती ती फ्रिजमध्येच राहिली.

धाकटीने त्याच प्लेटा उचलल्या. नमुना पाण्यात कालवला, एका थेंबात शंभर थेंब पाणी, त्यातल्या थेंबात आणखी शंभर, असा पातळ करत नेला, शेवटी निम्मा-निम्मा करत, आणि काचेच्या वाकड्या दांडीने तीन प्लेटांवर पसरला. अकरा वर्षांत पहिल्यांदा एखाद्या प्लेटेवर काय उगवेल याची तिला भीती वाटत होती. मग प्लेटा अंगाच्या उबेवर ठेवलेल्या पेटीत गेल्या, आणि दोन दिवस वाट बघण्यापलीकडे हातात काही उरलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पेटी उघडली आणि आधी वासानेच ती चपापली. बुरशीचा वास तिला पाठ होता, फुगून आलेल्या कणकेचा. आज त्यात दुसराच एक वास मिसळला होता. दूध तापवलेलं भांडं न विसळता ठेवलं तर येतो तसा, आंबूस. प्लेट उजेडाकडे धरली. पांढऱ्या सायीचे जाड ठिपके एकमेकांना खेटून बसले होते. बुरशी. इतकी बुरशी तिने कुठल्याच माणसाच्या आतड्यातून आलेली पाहिली नव्हती. आणि त्या सायीत कुठे कुठे बारीक, करडे, दवाच्या थेंबासारखे काही ठिपके होते. ते बुरशीचे नव्हते. ते जिवाणूंचे होते.

लाल रेघेच्या प्लेटेवर जिवाणू, म्हणजे बाहेरची घाण. हवेतून पडली असेल, हातातून पडली असेल, दांडी ज्योतीवर नीट भाजली नसेल. अशा प्लेटेचं काय करायचं हे प्रयोगशाळेतलं शेंबडं पोरही सांगेल. नमुना फुकट गेला, दोन दिवस फुकट गेले, आणि दादाकडे वाया घालवायला दिवस नव्हते. तिने स्वतःलाच दोन शब्द सुनावले आणि पायाने कचऱ्याच्या लाल पिंपाचं झाकण उघडलं.

तेवढ्यात खळकाका दारात येऊन उभे राहिले. टोपी हातात, नजर जमिनीवर. त्यांनी जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. फ्रिजमधल्या कुप्या मोजल्या, एक जास्त भरली. पुन्हा मोजल्या. मग त्या दिवशीची वाफ आठवली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं, आणि व्हायचं ते नेमकं दादांच्या वेळी झालं. रेघ लाल आहे पण आत औषध नाही. प्लेटा टाकून द्या, मी आत्ताच्या आत्ता नव्या ओततो, आणि मोठ्या साहेबांना काय सांगायचं ते मी माझं सांगतो.

धाकटीचा पाय झाकणाच्या पट्टीवर तसाच राहिला. ती म्हणाली, "काका, पुन्हा सांगा. औषध नाही?"

"नाही हो. एक थेंब नाही."

औषध नव्हतं. मग हे करडे ठिपके घुसखोर कशावरून? औषधाला पुरून उरलेली बाहेरची घाण म्हणून ती त्यांना पिंपात टाकायला निघाली होती, केवळ कडेला एक लाल रेघ होती म्हणून. त्यांना मारणारंच इथे कुणी नव्हतं. आणि तिन्ही प्लेटांवर ते होते, जिथे नमुना दाट तिथे जास्त, जिथे पातळ तिथे कमी. हवेतली घाण अशी हिशेबाने पडत नाही. ते दादाचेच होते. सव्वीस दिवस तीन जबर औषधांचा मारा झाला, कोट्यवधी मेले, आणि आतड्याच्या कुठल्याशा वळचणीला हे थोडे जीव मुठीत धरून बसून राहिले.

तिने पाय काढला. झाकण धाडकन पडलं.

जेलीचा एक काप तिने पात्याने अलगद उचलला, काचपट्टीवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सुरुवात केली ती दूरच्या टोकापासून, जिथे करडा ठिपका नव्हता. तिथे बुरशीने रान माजवलं होतं. धागे, धाग्यांना फुटलेले धागे, जेलीत खोल शिरलेले, आंधळेपणाने पुढे पुढे जाणारे. हे तिने हजारदा पाहिलं होतं. मग तिने काचपट्टी हळूहळू सरकवली, करड्या ठिपक्याच्या दिशेने.

धागे आखूड झाले.

आणखी सरकवली. धागे नुसते कोंब राहिले, बोटाच्या पेरासारखे, पुढे जायचं की नाही अशा विचारात पडलेले. आणखी थोडी सरकवली आणि कोंबही संपले. समोर होती ती नुसती गोल बुरशी, गोजिरवाणी, पिठाच्या कणासारखी, एकाला एक लागून शांत बसलेली, आणि तिच्या पलीकडे ते जिवाणू. काडीचे तुकडे करून टाकावेत तसे, इवलेसे, ओळीने.

मध्ये भिंत नव्हती, कुंपण नव्हतं. कुणी कुणाला मारलेलं नव्हतं, बुरशी जिवंत होती, धडधाकट होती. तिला फक्त कुणीतरी काहीतरी सांगितलं होतं आणि तिने ते ऐकलं होतं.

धाकटीच्या श्वासाची वाफ काचेवर धरली तेव्हा तिला कळलं की आपण किती जवळ वाकलो आहोत. आईच्या दुधाबरोबर आलेले, धुळीतून आलेले, हातातून हातात गेलेले हे जीव. दादा शाळेत गेला तेव्हा होते, बाबा गेल्यावर सोळाव्या वर्षी त्याने ब्रश हाती घेतला तेव्हा होते, हजार घरांच्या भिंती रंगवून तो झोपायचा तेव्हा हे जागे असायचे. ना कुणी नेमले, ना कुणी पाहिले, ना कुणी विचारपूस केली. जन्मभर ते आतल्या काळोखात बसून बुरशीला सांगत आले, अशीच राहा, गोल राहा, नांदत राहा. आणि अकरा वर्षं धाकटी जिची चौकशी करत होती, तिच्या शेजाऱ्यांना प्रत्येक वेळी आधी मारून मगच ती चौकशीला बसत होती. उत्तर कुठून मिळणार होतं?

तिने खुर्ची मागे सरकवली. खळकाका बिचकत पुढे आले, चष्मा काढला, डोळा लावला. तिने काचपट्टी सरकवत त्यांना तोच रस्ता दाखवला, रानातून गावापर्यंत. बराच वेळ ते वाकून राहिले. मग सरळ होत त्यांनी तळहात पँटला पुसले आणि म्हणाले, "तीस वर्षं मी यांनाच मारत आलो होय?"

"आपण दोघांनी," धाकटी म्हणाली.

पण डोळे भरून आले म्हणून शास्त्र होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या करड्या ठिपक्यांतला एक तिने टोकदार तारेवर उचलला आणि वेगळा वाढवला. दुसऱ्या दिवशी अंगठ्याच्या नखाएवढ्या बारा वाट्यांत दादाच्या रक्तातली बुरशी टाकली. सहांत ती एकटी, सहांत हे जिवाणू सोबतीला. अंगाएवढी ऊब दिली आणि तीन तासांनी पाहिलं. एकटीला सहाच्या सहा वाट्यांत धागे फुटले होते. सोबत असलेली पाच वाट्यांत गोल होती. सहाव्या वाटीत थोडे कोंब होते. तिने सहावी वाटीही लिहून ठेवली. तशी ती लिहून ठेवणारीच होती.

मग ती कागद घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली. खोली कसली, दोन कपाटांमधली फट होती; एक टेबल, एक खुर्ची, आणि दुसऱ्या खुर्चीवर फायली. डॉक्टरांनी फायली उचलून मांडीवर घेतल्या आणि तिला बसायला जागा केली. त्यांनी सगळं ऐकलं, फोटो दोनदा पाहिले, आणि मग जरा ओशाळून सांगितलं की ते उद्यापासून जिवाणूंवरचं चौथं औषध सुरू करणार होते.

"रक्तात जिवाणू सापडलेत का?"

"बारा दिवसांत एकदाही नाही. पोटाचा स्कॅनही स्वच्छ आहे."

"मग चौथं कशासाठी?"

"ताप आहे म्हणून," डॉक्टर म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "आणि खरं सांगू का मॅडम, भीती वाटते म्हणून."

ती म्हणाली की भीती तिलाही वाटते आहे. एका माणसाच्या तीन प्लेटांवरून इलाज ठरत नाही, हे तीच दरवर्षी पोरांना शिकवते. हे जिवाणू प्लेटेवर करतात ते आतड्यात करतीलच असं ती लिहून देऊ शकत नाही. पण एवढं तिला दिसतं आहे की ज्यांना मारायला औषध द्यायचं ते रक्तात नाहीत, आणि जिथे आहेत तिथे ते दादाच्या बाजूने उभे आहेत.

डॉक्टर पेनाचं टोपण काढत राहिले, लावत राहिले. शेवटी त्यांनी ठरवलं ते असं. जिवाणूंवरची औषधं सगळी बंद. बुरशीवरचं चालू. गळ्याच्या शिरेतली जुनी नळी काढून दुसरीकडे नवी, कारण बुरशी नळीलाही धरून बसते. रोज रक्त तपासायचं. एक जरी जिवाणू उगवला तरी औषधं पुन्हा सुरू. आणि हे घरच्यांना मॅडमनीच समजावून सांगायचं.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर धाकटीने वहिनीला सांगितलं. वहिनीने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "शक्यता किती? आकडा सांगा."

"आकडा नाही माझ्याकडे."

"अकरा वर्षं काय केलंत मग?"

विचारून झाल्यावर वहिनीने नणंदेचा हात आपल्या हातात घेतला आणि दोघी आत गेल्या. दादा शुद्धीवर होता, ओठ सुकलेले. धाकटीने त्यालाही सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि एवढंच विचारलं, "उरलेत किती?"

"पहिल्या प्लेटेवर नऊ."

दादाने हिशेब केल्यासारखी बोटं हलवली. "नऊ माणसांत मी एक अख्खी शाळा रंगवली होती," तो म्हणाला. "आतून-बाहेरून. लागू दे त्यांना कामाला."

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप एकशे तीनच्या वर गेला. वहिनीने ठिपका काढला तो कागदाच्या अगदी वरच्या चौकटीत, आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. धाकटी आली तेव्हा दादा ग्लानीत बडबडत होता, कुणाला तरी शिडी धर म्हणत होता. वहिनी तिच्याकडे वळली आणि आवाज न चढवता म्हणाली की तुम्ही प्लेटा बघता वन्सं, मी माणूस बघते, आणि हा माणूस विझत चाललाय. धाकटी तशीच मागे वळून डॉक्टरांकडे गेली. तिला म्हणायचं होतं, करा सुरू, सगळं सुरू करा, माझं चुकलं. डॉक्टर रक्ताचा अहवाल हातात घेऊनच उभे होते. जिवाणू नव्हते. बुरशीही कालपेक्षा उशिरा उगवली होती, म्हणजे कमी होती. ते म्हणाले, "मॅडम, नियम तुमच्यासमोर ठरलाय. एक जरी उगवला तर. एकही उगवलेला नाही."

त्या रात्री कोण कोण झोपलं नाही हे सांगण्यात अर्थ नाही. तिसऱ्या दिवशी ताप होता तिथेच राहिला. चौथ्या दिवशी सकाळी दादाला घाम फुटला, इतका की नर्सने दोनदा चादर बदलली, आणि वहिनीच्या कागदावरची रेघ, गेले दोन आठवडे डोंगर चढत होती ती, उतरायला लागली. दादाने सूप मागितलं. मग सुपात मीठ नाही म्हणून कुरकुर केली. ती कुरकुर ऐकून वहिनी बाहेर पॅसेजमध्ये गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

धाकटी आता दर दोन दिवसांनी डबी घेऊन जायची. खळकाका दोन प्रकारच्या प्लेटा ओतायचे, लाल रेघेच्या आणि बिनरेघेच्या, आणि प्रत्येक चंबूपाशी आता एक कागद असे ज्यावर औषध घातल्याशिवाय ते खूण करत नसत. बिनरेघेच्या प्लेटांवर दादाची कथा उमटत गेली. नवाचे चाळीस झाले. चाळिसांचे इतके झाले की मोजताना चुकू लागले. मग करड्याच्या जोडीला पिवळसर आले, मोत्यासारखे आले, पसरट, काठाला चुणी पडलेले आले. कुठे दडले होते, कोण जाणे. आणि पांढरी साय विरळ होत होत एक दिवस प्लेटेवर तीनच ठिपके उरले. बुरशी गेली नव्हती. ती पहिल्यासारखी नांदायला लागली होती. रक्त सलग तीनदा स्वच्छ आलं.

कशाने आलं? बुरशीवरच्या औषधाने, नळी बदलल्याने, की त्या नऊजणांनी? डॉक्टरांनी विचारलं तेव्हा धाकटी म्हणाली, सांगता येणार नाही. एकट्या दादाची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. आणखी शंभर माणसं, आणखी कितीतरी प्लेटा, कदाचित तिची उरलेली सगळी नोकरी. हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता, हे डॉक्टरांनी पाहिलं.

घरी जायच्या दिवशी दादा ऐकेना. म्हणाला, ज्यांनी मला राखलं त्यांचं तोंड तरी बघू दे. चाकाच्या खुर्चीतून त्याला प्रयोगशाळेत आणलं. दारातून आत येताना त्याने सवयीने भिंतीवर बोट फिरवलं आणि एवढं हलकं काम कुणी केलं असं विचारलं. खळकाका म्हणाले, तुम्हीच. धाकटीने काचपट्टीवर त्या सकाळच्या नमुन्याचा थेंब घेतला, सूक्ष्मदर्शक त्याच्या उंचीला आणला, आणि कुठला डोळा मिटायचा ते दाखवलं.

दादा वाकला. आधी त्याला त्याच्याच पापण्या दिसल्या, तसं त्याने सांगितलंही. मग तो बोलायचा थांबला.

त्याला काय दिसतंय हे तिला न बघता ठाऊक होतं. उजेडाचं गोल तळं, आणि त्यात ते. काड्यांसारखे, मण्यांसारखे, जोडीजोडीने, माळेने, काही जागच्या जागी थरथरणारे, काही सुळकन तळ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाणारे, आणि मधूनच एखादी गोल बुरशी, त्यांच्यापुढे अगडबंब, कडेला इवलासा फुगवटा घेऊन बसलेली. एका थेंबात मोठ्या शहरातही मावणार नाही इतकी वस्ती. दादाची बोटं टेबलाच्या कडेवर टेकली होती. नखांच्या कोपऱ्यांत अजून जुना निळा रंग होता. ती बोटं हलत नव्हती.

शेवटी वहिनीने जवळ येऊन विचारलं, दिसतंय का काही.

दादाने डोळा काढला नाही. नुसता मागे हात करून तिला थोपवलं. आणि शेजारी तान्हं मूल नुकतंच झोपलेलं असावं तशा आवाजात म्हणाला, "हळू बोल गं."

खळकाकांनी जाऊन पंखा बंद केला.